मोजायला हरकत नाही

मी नक्की काय काम करते, हे मला माहेरी कधी नीट सांगता आलं नाही. मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, एवढं तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याखेरीज जे करते त्याला "ताईचं हवामान" असं नाव पडलंय. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. तिथं हवामान हा चेष्टेचा विषय नाही. द्राक्षाची छाटणी झाली की माणसं रोज आभाळाकडे बघतात आणि मी दिसले की मला विचारतात, "मॅडम, औंदा गारा हायेत का?" मी सांगते की माझं हवामान ढगांच्याही पार वरचं आहे, तिथं पाऊस नाही आणि गाराही नाहीत. समोरचा "असं व्हय" म्हणतो आणि त्याचा माझ्यातला रस तिथंच संपतो.

खरं तर सांगायला ते फार अवघड नाही. सूर्यावरून एक वारा सतत वाहत असतो, विद्युतभार असलेल्या बारीक कणांचा. आपल्यापासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, काही यानं ठाण मांडून बसली आहेत. वारा आधी त्यांच्या अंगावरून जातो, मग आपल्याकडे येतो. त्याचा वेग किती, तो दाट किती, त्याच्याबरोबर आलेलं चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे, हे आकडे ती यानं खाली पाठवतात. त्या आकड्यांवरून पुढच्या तासाभरात आपल्या वातावरणाच्या अगदी वरच्या थराचं काय होणार, हे आधी सांगणारं एक गणित मी बरीच वर्षं बसवत आले आहे. उपग्रहांचे संदेश त्या थरातून खाली येतात. थर खवळला की संदेश रेंगाळतात, आणि जमिनीवरचं यंत्र आपली जागा चुकीची सांगतं.

यातली मेख वेगळीच आहे. सूर्यावर स्फोट होऊन मोठा ढग आपल्या दिशेनं सुटला, तर ते एकदोन दिवस आधी कळतं. पण त्या ढगातलं चुंबकत्व उत्तरेकडचं की दक्षिणेकडचं, हे तो यानांपाशी पोचेपर्यंत खात्रीनं सांगता येत नाही. दक्षिणेकडचं असलं तर पृथ्वीच्या दाराची कडी निघते आणि वादळ आत शिरतं. उत्तरेकडचं असलं तर बहुतेक वेळा ते बाहेरच्या बाहेर निघून जातं. त्यामुळे मी कितीदा तरी लोकांना सावध केलं आणि पुढे काहीच झालं नाही. गावातल्या ड्रोननं फवारणी करणाऱ्या मंडळींना मी एकदा दिवसभर ड्रोन उडवू नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी वर सगळं गाईसारखं गरीब. संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाचा फोन आला, "मॅडम, तुमचं वादळ कुणाच्या बागेत पडलं?" साप साप म्हणून भुई धोपटणारी बाई, असंच माझं तिथं नाव झालं होतं, आणि त्याचा मला मनापासून राग यायचा.

मला दोन भाऊ, दोघेही माझ्याहून लहान. वडिलांनी हयातीतच मळ्याची वाटणी करून दिली. मधे एक बांध, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेकाचं घर आणि एकेकाची द्राक्षबाग. वडील गेल्यावर मी हक्कसोड करून दिली. आमच्याकडे बहुतेक बहिणी देतात. कचेरीत जाऊन सही करायची, भावांनी दिलेली साडी घ्यायची आणि परत यायचं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याचा एक उपयोग झाला. ज्या बहिणीला जमिनीतलं काहीच मिळायचं नसतं, तिचा शब्द दोन्हीकडे चालतो. भावाभावांत काही अडलं की "ताईला विचारा" असं दोघंही म्हणायचे.

आई महिन्या महिन्यानं राहायची. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. शहरातल्या माझ्या मैत्रिणींना हे ऐकून कसंसंच होतं. पण आईला त्यात कमीपणा वाटत नव्हता. महिना सरला की ती बांध ओलांडायची, पलीकडे सून चहा ठेवायची, की झाली बदली. दिवसातही ती चार वेळा इकडून तिकडे करायची. कुणाकडे भाजी काय केली हे दुसऱ्या घराला तिच्याकडूनच कळायचं.

मग बांधावरून भांडण लागलं. बांध कोरला जातो ही आमच्याकडची जुनी तक्रार. दर नांगरटीला फाळ थोडासा बांधात घालायचा, वर्षाला बोटभर जमीन आपल्याकडे घ्यायची. ट्रॅक्टर आल्यापासून हे काम आणखी सोपं झालंय. कुणी कोरलं, कुणी आधी शिवी दिली, यात मी शिरत नाही. शिरले होते, आणि दोघांनीही आपापलं खरं केलं. एवढंच झालं की थोरल्यानं बांधावर तार ओढली. मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवली, आईसाठी. आणि मोजणीला अर्ज केला. एकदा सरकारी खूण पडली की सिमेंटचे खांब लावून जाळी मारणार आणि फट बुजवणार, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं.

मी त्याला म्हटलं, "फट राहू दे. आईचे गुडघे बघतोस ना?"

"ताई, आईला आणायला मी गाडी पाठवीन की रस्त्यानं. तिला काय चालत यायचं हाय?"

रस्ता म्हणजे धाकट्याच्या घरून डांबरी सडकेवर यायचं, पाटाच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि थोरल्याच्या गल्लीनं आत शिरायचं. टोमॅटोचे पिकअप आणि ट्रॅक्टर त्या सडकेवर अंगावर येतात.

धाकट्याकडे गेले तर तो म्हणाला, "आई कायमची माझ्याकडं राहू दे. मी कव्हा नाय म्हणलं?"

दोघंही आईला नाही म्हणत नव्हते. आईला काय हवंय ते मात्र दोघांनीही विचारलं नव्हतं. तिला दोन्ही घरं हवी होती, आणि पायानं हवी होती. मोजणीची तारीख आल्यापासून ती गप्प झाली होती.

मोजणी ऑक्टोबरात होती. तिच्या दोन दिवस आधी सूर्यावर एक मोठा स्फोट झाला आणि ढग आपल्या बाजूनं निघाला. मी दोघांनाही फोन केला. त्या दिवशी दुपारनंतर यंत्र चुकण्याची शक्यता आहे, जमलं तर सकाळीच उरकून घ्या, असं सांगितलं. थोरला हसला. धाकटा म्हणाला, "ताई, तुझं वादळ येतंय म्हणून सरकार थांबतं व्हय?" तेही खरंच होतं. मी त्या दिवशी रजा टाकून मळ्यात गेले.

मोजणीवाले साहेब दुपार कलल्यावर आले. आधीच्या गावातली मोजणी लांबली होती. तरुण माणूस, बोलायला शांत. पूर्वी मोजणीला साखळी आणि फळी घेऊन माणसांची फौज यायची. आता एक लांब काठी, तिच्या डोक्यावर छत्रीएवढंही नाही असं गोल यंत्र, आणि हातात टॅब. काठी जिथं टेकवाल ती जागा वरच्या उपग्रहांवरून बोटभर फरकानं कळते. साहेबांनी पाटाकडेला असलेल्या हद्दीच्या जुन्या दगडावर काठी टेकवून सुरुवात केली. दगड नकाशाशी जुळला. दोन्ही भाऊ बांधाच्या दोन बाजूंनी साहेबांबरोबर चालत होते. आई धाकट्याच्या ओट्यावर बसून बघत होती.

माझ्या हातात फोन होता. चहा झाला आणि आकडे बदलले. वाऱ्याचा वेग एकदम चढला, दाटपणा चढला, आणि चुंबकत्व दक्षिणेकडे झुकलं. मी वाट बघितली. ते परत वर येईल, नेहमी येतं, असं मनात होतं. ते आलं नाही, उलट आणखी खाली गेलं. माझ्या गणितानं दिलेली रेघ मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती एवढी वर गेली. आभाळ निळंशार होतं, बागेत नवी पानं फुटत होती, पाटाचं पाणी वाहत होतं, आणि हे कुणालाच दिसत नव्हतं. मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

मी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "मॅडम, थोडा वेळ बघू. यंत्र फिक्स दाखवतंय तोवर मला थांबता येत नाही." फिक्स म्हणजे जागा पक्की सापडली, असं यंत्राचं स्वतःबद्दलचं म्हणणं.

ते मोजत राहिले. उन्हं उतरली. बांधाच्या मधल्या भागात काठी टेकली आणि साहेबांनी तिथं लोखंडी खुंटी मारून घेतली. ती जागा तारेच्या पलीकडे, थोरल्याच्या बागेत, द्राक्षाच्या पहिल्या ओळीच्या जवळ होती. म्हणजे थोरल्यानं धाकट्याची चांगली दोन हात जमीन तारेत घेतली होती.

धाकटा ओरडलाच. "बघा! मी काय म्हणत होतो? सगळे म्हणं मीच चोर!"

थोरल्याचं तोंड पांढरं पडलं. मी त्याला लहानपणापासून ओळखते. चोरी करून पकडलेल्याचं तोंड तसं नसतं.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "साहेब, ही खूण पक्की करू नका. आता यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. "ताई, माझ्या बाजूनं खुंटी पडली, तर तुझं वादळ आलं व्हय?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी बोलले तर थोरल्याची, गप्प राहिले तर खोटी खूण कायमची. मी साहेबांना म्हटलं, "माझं ऐकू नका. फक्त त्या पाटाकडेच्या दगडावर परत काठी टेकवा. दुपारी तो नकाशाशी जुळला होता. आताही जुळला तर खुशाल ही खूण पक्की करा, मी तोंड बंद ठेवते."

साहेब काठी उचलून पाटाकडे चालू लागले. आम्ही सगळे त्यांच्या मागून गेलो. दगड अर्धा जमिनीत गाडलेला, वरचा शेंदूर विटलेला. पावसापाण्याला, ट्रॅक्टरला तो इतकी वर्षं हलला नव्हता. साहेबांनी काठी टेकवली, ती सरळ धरली आणि टॅबकडे पाहिलं. मग काठी उचलून पुन्हा टेकवली.

"काय झालं?" थोरल्यानं विचारलं.

"दगड दोन हात सरकलाय," साहेब म्हणाले. यंत्र अजून फिक्सच म्हणत होतं. थोड्या वेळानं त्यानं तेही म्हणायचं सोडलं, आणि आकडा खालीवर होत राहिला.

कुणी हसलं नाही. धाकट्यानं वाकून दगडाला हात लावला, खरंच हलतोय का म्हणून. साहेबांनी परत येऊन ती खुंटी स्वतःच्या हातानं उपटली. आज मोजणी होणार नाही, दुसरी तारीख कळवतो, असं म्हणाले. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला. "पुढच्या वेळी निघण्याआधी तुम्हाला विचारतो, मॅडम. तुम्ही हो म्हणालात तरच यंत्र काढतो."

"बरोबर हाय," थोरला म्हणाला.

"ताई म्हणंल तव्हाच," धाकटा म्हणाला.

इतक्या दिवसांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे. मला बरं वाटायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे मात्र मला धाकट्याच्या घरात शिरल्यावर कळलं.

आई ओट्यावरून उठून आत आली होती. मला चहा देत तिनं विचारलं, "मोजणी तू थांबवली?"

"मी नाही. सूर्यानं थांबवली."

"कुणी का थांबवंना." ती माझ्याजवळ बसली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. "पुढल्या तारखेला बी येईल का गं तुझं वादळ?"

मी तिला समजावून सांगितलं की इतक्या आधी ते सांगता येत नाही. तिनं मान हलवली. "नको सांगू आत्ता. तव्हा सांग." मग ती उठली आणि त्या फटीतून आडवी होऊन थोरल्याकडे गेली, मोजणी थांबल्याची बातमी तिथल्या सुनेला सांगायला. सून तारेपाशीच उभी होती आणि तिला ती केव्हाच कळली होती.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते आईच्या फोनमुळे. आई कधी फोन करायची नाही. फोन म्हणजे वाईट बातमी, असं तिचं म्हणणं. पण त्या दिवसांत ती नातीकडून नंबर लावून घ्यायची आणि विचारायची, "सूर्य कसा हाय?" मी सांगायची, "चांगला आहे, आई." ती म्हणायची, "लय चांगला नको राहू दे त्याला." मी हसायची, तीही हसायची. पण ती थट्टा करत नव्हती, हे मला माहीत होतं. कॉलेजात माझ्या गणिताचं कौतुक झालं. वरच्या थराची हालचाल टिपणाऱ्या, कॉलेजच्या गच्चीवरच्या आमच्या यंत्रानं नोंदलेलं आणि मी आधी वर्तवलेलं इतकं जवळ आलं होतं की, तिथल्या ज्यांनी मला नावं ठेवली होती तेच आता माझ्या गणिताचे कागद मागायला लागले. मी लेक्चरला उभी राहून मुलांना तो आलेख दाखवला. दाखवताना माझ्या डोळ्यांपुढे आई फटीतून आडवी जात होती.

दोघा भावांना मी पुन्हा एकदा समजावून पाहिलं. मोजणी करा, खांब लावा, पण एक छोटं फाटक ठेवा. थोरला म्हणाला, फाटक ठेवलं की पोरं येणार, पोरं आली की भांडण येणार. धाकटा म्हणाला, त्याच्या फाटकातनं माझी आई जाणार नाय. घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणून मी गप्प बसायला हवं होतं. पण मला त्या दोघांची शरम वाटली, आणि ती मी बोलूनही दाखवली. थोरला म्हणाला, "ताई, जमिनीत तू बोलू नको. तू सोडली हाय ती." ते कायद्यानं बरोबर होतं.

दुसरी तारीख लागली ती थंडी सुरू झाल्यावर. त्या दिवशी मी पहाटेच उठून आकडे बघायला बसले. सूर्यावरून कुठलाही ढग निघालेला नव्हता. वारा हळू होता, विरळ होता. चुंबकत्व शून्याच्या जवळ पडून होतं. माझ्या गणितानं काढलेली रेघ आडवी, सपाट. गोदावरीचं पाणी उन्हाळ्यात दिसतं तसं वरचं आभाळ निवांत होतं. वर्षातून असे दिवस कितीतरी येतात आणि कुणाला काही पत्ता नसतो.

आधी साहेबांचा फोन आला. मग थोरल्याचा. मग धाकट्याचा. तिघांचा प्रश्न एकच. मी तिघांनाही थोड्या वेळानं सांगते म्हटलं.

मला मोह झाला. त्या तालुक्यात माझ्याखेरीज कुणालाही हे आकडे वाचता आले नसते. "आज नको" एवढं म्हटलं असतं तर साहेब दुसऱ्या गावाला गेले असते, भावांनी मान डोलावली असती, आणि आईला आणखी काही महिने मिळाले असते. त्यानंतर पुन्हा एकदा "आज नको". मी फोन हातात घेऊन बसले आणि मला रडू आलं. आईनं मला खोटं बोल म्हणून कधीच सांगितलं नव्हतं. ती फक्त विचारत होती. आणि मी जे आहे ते सांगते, एवढ्याच भरवशावर तिघंही मला विचारत होते. तो भरवसा मिळवायला मला अर्धं आयुष्य लागलं होतं. तो मोडला तर मग माझ्याजवळ काही उरत नव्हतं. पण आईजवळ तरी काय उरणार होतं?

मी तिघांना एकच निरोप पाठवला: "आज वर शांत आहे. मोजायला हरकत नाही."

मग आईला फोन केला. फोन तिच्या नातीनं उचलला आणि आईच्या हातात दिला. मी बोलायच्या आधीच आई म्हणाली, "आज चांगला हाय वाटतं तो."

"हो, आई."

"बरं," ती म्हणाली आणि फोन नातीकडे दिला.

त्या दिवशी सगळं अर्ध्या वेळात झालं. दगड जुळला, मधल्या खुणा जुळल्या, शेवटी दगडावर परत काठी टेकवली तीही जुळली. हद्द निघाली ती जवळजवळ तारेवरच. पाटाच्या टोकाला तेवढी वीतभर इकडे आणि सडकेच्या टोकाला वीतभर तिकडे. म्हणजे कुणीच कुणाचं काही घेतलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी दोघं एकमेकांकडे बघतील. दोघांनी कागदावर सह्या केल्या आणि आपापल्या बाजूनं घराकडे गेले. वीतभरासाठी दोन्ही टोकांची तार सरकवायला हवी, असं थोरला जाता जाता म्हणाला. आठवड्याच्या आत सिमेंटचे खांब उभे राहिले, जाळी लागली आणि फट बुजली. आई तेव्हा धाकट्याकडे होती.

महिना सरला तशी मी मळ्यात गेले. आईला थोरल्याकडे पोचवायला मीच जाईन म्हणजे तिला बरं वाटेल, असं मला वाटलं. थोरला त्याची गाडी घेऊन आधीच आला होता. धाकट्याच्या फाटकाबाहेर सडकेवर गाडी उभी होती. तो आत आला नाही. त्यानं हॉर्न वाजवला.

आई तयार होऊन बसली होती. हॉर्न ऐकून ती ओट्यावर आली, सडकेकडे पाहिलं आणि मग जाळीकडे. जाळीच्या पलीकडे थोरल्याच्या घराचं दार उघडं दिसत होतं. सुनेनं बाहेर खाट टाकली होती. हाक मारली तर ऐकू जावी एवढ्या अंतरावर.

"चल आई," मी म्हटलं.

"मी नाय जात."

"का गं? तो न्यायला आलाय."

"पोराच्या घरी सडकेनं गाडीत बसून जायला मी काय पाहुणी हाय?" ती म्हणाली. ती चिडली नव्हती. "त्याला सांग, माझी वाट होती ती. ती मोडली. आता नाय यायची मी."

मी तिला खूप समजावलं. धाकट्याची बायकोही समजावत होती, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक जावाजावांना उगाच बोल लावतात. आई आत गेली आणि तिनं लसूण सोलायला घेतला.

मी गाडीपाशी गेले आणि थोरल्याला जसंच्या तसं सांगितलं. तो स्टिअरिंग धरून बसला. त्याचे डोळे भरले होते. मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, त्या दिवशी वादळ हाय असं तू म्हणली असती तर? कुणाला कळणार होतं?"

मला त्याचा एवढा राग आला की मी गाडीच्या टपावर हात आपटला. "खोटं मी बोलायचं? जाळी तुझी आहे. घरात पक्कड आहे. आत्ता जा आणि तोड."

सडकेवरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या धुळीत तो डोळे मिटून बसला.

"तोडतो," तो शेवटी म्हणाला. "त्यानी एकदा म्हणू दे, दादा, जाळी काढ. लगेच तोडतो."

त्यानं गाडी वळवली आणि एकटाच पुलाकडे गेला. मी फाटकातून आत आले. धाकटा फाटकाच्या आतच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो म्हणाला, "पाण्याची मोटर बंद करून येतो," आणि बागेत निघून गेला.

हे लिहिते आहे तोवर आई धाकट्याकडेच आहे.